तोंड उत्तम, पाठ कच्ची : ॲंग्रच्या ‘मस्यू बेर्तां’ची गोव्यात रंगवलेली प्रत

पणजी-म्हापसा पट्ट्यातल्या एका कार्यशाळेत जुन्या युरोपियन तैलचित्रांच्या हाताने रंगवलेल्या प्रती करून मिळतात. तिथल्या नमुन्यांच्या वहीत ‘फ्रेंच मुत्सद्दी’ या मथळ्याखाली पहिलंच चित्र आहे ते एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच चित्रकार ॲंग्र याचं ‘मस्यू बेर्तां’. हे परीक्षण त्याच्या एका प्रतीचं. आकार ९३ × ७६ सेंमी, सुती कॅनव्हास, तैलरंग, किंमत ३८,००० रुपये, चौकटीचे वेगळे ९,०००. मुदत सहा आठवड्यांची सांगितली होती, लागले नऊ. काम सुरू झालं जूनच्या पहिल्या आठवड्यात, प्रत हातात पडली ऑगस्टमध्ये. या तारखा लक्षात ठेवा. पुढे जी दुखणी येतील त्यांतली निम्मी या तारखांचीच आहेत.

आधी मथळ्याचा घोळ. लुई-फ्रांस्वा बेर्तां हा मंत्री कधीच नव्हता. ‘जुर्नाल दे देबा’ या पॅरिसच्या वृत्तपत्राचा तो कर्ताधर्ता. १८३० च्या क्रांतीनंतर गादीवर आलेल्या लुई-फिलिपच्या राजवटीचा तो पाठीराखा, आणि त्याच्या पत्राचं सरकारदरबारी चांगलंच वजन होतं. दिवाणखान्यात खराखुरा मुत्सद्दीच हवा असेल तर ॲंग्रनेच १८३४ साली काढलेला काउंट मोले आहे. तो १८३६ ते १८३९ फ्रान्सचा पंतप्रधान होता आणि त्याचं चित्र २००९ साली पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने विकत घेतलं. किंवा एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराने १८७९-८० मध्ये रंगवलेला, पुढे पंतप्रधान झालेला क्लेमांसो. पण लोक मागतात बेर्तांच, आणि त्यात नवल नाही. गुडघ्यांवर पंजे रोवून बसलेला हा ६६ वर्षांचा गृहस्थ कुठल्याही मंत्र्यापेक्षा जास्त मंत्री दिसतो. मानेने त्याला मध्यमवर्गाचा बुद्ध म्हटलं होतं. एकदा ऐकल्यावर ते डोक्यातून जात नाही.

मूळ चित्र १८३२ चं, ११६ × ९५ सेंमी. १८३३ च्या सलाँमध्ये, म्हणजे पॅरिसच्या सरकारी चित्रप्रदर्शनात, ते लोकांसमोर आलं आणि १८९७ पासून लूव्रमध्ये आहे. कार्यशाळा पूर्ण आकाराची प्रत करून देते आणि चार-पंचमांश आकाराचीही. ही दुसरी घेतलेली बरी. लूव्रमध्ये बसून प्रत काढणाऱ्यांना मूळ आकारात काढायची मुभा नसते. एक-पंचमांश लहान किंवा मोठी काढावी लागते, म्हणजे उद्या कोणी ती अस्सल म्हणून खपवू नये. गोव्यात तो नियम लागू नाही, पण संकेत चांगला आहे. त्यात ११६ सेंमीचं चित्र चौकटीसह दीड मीटरच्या घरात जातं. जुन्या घराच्या सालात, म्हणजे मोठ्या दिवाणखान्यात, ते शोभेल, फ्लॅटच्या भिंतीवर नाही.

आता प्रत. चेहरा जमलाय, आणि तो जमणंच सगळ्यात अवघड असतं. ॲंग्रच्या चेहऱ्यात ब्रशचा फटकारा दिसत नाही. सावली उजेडात कुठे मिसळली ते बोट ठेवून दाखवता येत नाही. इथे आधी करड्या छटांत पूर्ण चेहरा उभा केला, तो वाळू दिला आणि मग त्यावर त्वचेचे रंग पातळ थरांनी चढवले. मोबाइलचा टॉर्च बाजूने, भिंतीला जवळजवळ समांतर धरून पाहिला तर हे थर ओळखता येतात. गालावर रंगाचा उंचवटा नाही, डोळ्यांच्या कडा कापल्यासारख्या झालेल्या नाहीत, विस्कटलेल्या करड्या केसांची बट न बट मोजत बसलेलं नाही. घाईतल्या प्रतींत नेमकी हीच चूक असते: केस सुटे सुटे आणि चेहरा मेणाचा.

हात मात्र किंचित मोठे झाले आहेत. मूळ चित्राचा सगळा भार त्या पंज्यांवर आहे. बरेच दिवस बैठक जमेना, आणि बेर्तां कोणाशी तरी वाद घालताना असा बसलेला दिसला तेव्हा ॲंग्रला चित्र सापडलं, असं सांगतात. म्हणून इथला फरक चटकन नजरेत येतो. प्रमाण काढून पट्टीने मोजलं तर दोन्ही पंजे साधारण ४ मिमी रुंद भरतात, खालची तांबडी उशीही पसरलेली, डोकं मात्र बरोबर. याचा अर्थ रेखाटन प्रोजेक्टरवरून घेतलं आहे आणि प्रोजेक्टर उंच फळीवर ठेवून खाली कलवला होता. तसं केलं की प्रकाशाला कॅनव्हासची खालची कड लांब पडते आणि तिथली आकृती रुंदावते. उपाय सोपा आहे. प्रोजेक्टर कॅनव्हासच्या मध्यरेषेच्या उंचीवर ठेवायचा, किंवा सरळ ५ सेंमीच्या चौकटी आखून हाताने उतरवायचं. ऑर्डर देताना ‘रेखाटन झालं की फोटो पाठवा, रंग नंतर’ एवढी अट घातली तर ही चूक फुकटात दुरुस्त होते. रंग चढल्यावर होत नाही.

काळा रंग हा या चित्रातला खरा सापळा. कोट काळा, विजार काळी, जाकीट तपकिरी सॅटिनचं. म्हणजे चित्राचा मोठा भाग अंधार, आणि त्या अंधारात कापडाची जात वेगवेगळी दिसली पाहिजे. सॅटिन इथे छान उतरलंय. कोटावर मात्र तीन ठिकाणी थाळीएवढे मंद, निस्तेज डाग आहेत. तिथे रंग ‘बसलाय’, म्हणजे खालच्या प्रायमरने (रंगाआधी कॅनव्हासला देतात त्या अस्तराने) वरच्या थरातलं तेल पिऊन टाकलंय. आयव्हरी ब्लॅक या काळ्या रंगाला तेल पुष्कळ लागतं आणि तो वाळतोही सावकाश. टर्पेंटाईन घालून तो पातळ केला आणि खाली शोषणारा ॲक्रिलिक प्रायमर असला की हे होणारच. काळ्यात थोडा बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी मिसळतात तो याचसाठी: अंबरमधल्या मँगनीजमुळे थर लवकर वाळतो आणि काळ्याला ऊबही येते. बसलेला रंग उठवायचा तर जवसाचं तेल आणि शुद्ध टर्पेंटाईन समप्रमाणात घेऊन, त्याचा अगदी पातळ हात मऊ कापडाने त्या डागावर फिरवायचा, दहा मिनिटांनी जास्तीचं टिपून घ्यायचं. हे व्हार्निशच्या आधी. कार्यशाळेने नेमकं उलट केलं. डाग झाकायला व्हार्निशच मारलं.

एकोणिसाव्या शतकातले बरेच चित्रकार गडद भागात खरोखरीचं डांबर वापरत. ताजं असताना त्याचा तपकिरी रंग मधासारखा दिसतो, पण ते कधीच पुरतं वाळत नाही आणि पुढे मगरीच्या पाठीसारखं तडकतं. आज कोणी ते वापरत नाही. पण ‘जुना लूक’ देतो म्हणून कोणी काळपट तपकिरी लेप सुचवला तर नको म्हणा.

पांढरा फक्त कॉलर-बाह्यांपुरता, तरी त्यावर एक शब्द. मूळ काळातला पांढरा शिशाचा. उबदार आणि किंचित पारदर्शक. आता सर्रास टायटॅनियम वापरतात. तो थंड आणि झाकणारा, म्हणून त्वचेत पडला की चेहरा खडूसारखा होतो. या प्रतीत कपाळावर तो थोडा झालाय. पांढऱ्यात चिमूटभर यलो ऑकर (मातकट पिवळा) घातला असता तर भागलं असतं.

पार्श्वभूमी सोनेरी तपकिरी हवी, आली आहे हळदीकडे झुकलेली. कारण उघड आहे. इंटरनेटवर या चित्राचे जेवढे फोटो तेवढे रंग. लूव्रच्या स्वतःच्या संग्रहाच्या संकेतस्थळावरचा फोटो प्रमाण मानायला सांगायचं, आणि तोसुद्धा चांगल्या कागदावर छापून ईझलजवळ लावायला सांगायचं. चित्रकाराच्या मोबाइलवर भरवसा नको. भिंतीच्या पायथ्याची ग्रीक वळणांची पट्टी त्यांनी गाळलेली नाही, आणि खुर्चीच्या गोल कडेवर पडलेलं खिडकीचं प्रतिबिंबही आहे. प्रतिबिंब तर इतकं नेमकं की ते पाहून या हाताला आणखी वेळ दिला असता तर काय झालं असतं, असं वाटतं. वहीतल्या छोट्या फोटोत हे दोन्ही दिसत नाही, म्हणजे चित्रकाराने मोठं चित्र शोधून अभ्यास केलेला आहे.

पृष्ठभागाचं काय? इथे सुती कॅनव्हासने दगा दिला आहे. बाजारात तयार प्रायमर लावून मिळतो तो कापडाचा जाडसर विणीचा रोल. ती वीण गालावर टिपक्याटिपक्यांनी वर येते. मानेचा क्लेमांसो असता तर चाललं असतं, तिथे रंग सपाट आणि ब्रश मोकळा आहे. ॲंग्रला नाही चालत. बारीक विणीचं लिनन, त्यावर प्रायमरचे आणखी तीन हात, प्रत्येक हात वाळल्यावर ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासणं, एवढं केलं की बोट घसरेल असा पृष्ठभाग मिळतो. लिननचे तीन-चार हजार जास्त पडतील. बेर्तांसाठी ते द्यावेत.

व्हार्निश हे या प्रतीचं सगळ्यात मोठं दुखणं. चित्र पुरं होऊन तीन आठवडे होतात न होतात तोच डॅमर राळेचं चकचकीत व्हार्निश मारलंय, तेही जुलैच्या धारेत. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही; हवेतला प्राणवायू घेऊन तेल घट्ट होतं आणि त्याला महिने लागतात. पातळ थरांना सहा, जाड थरांना बारा, असा ढोबळ हिशेब. त्याआधी वर राळेचं झाकण बसलं की खालचा थर ओलसर राहतो, वर-खाली वेगळ्या वेगाने आकसतात आणि काही वर्षांत बारीक भेगा पडतात. आणि आपल्याकडे पावसाळ्यात हवेतला ओलावा दिवसच्या दिवस ८० टक्क्यांच्या वर असतो. त्यात मारलेल्या व्हार्निशवर द्राक्षावरच्या धुरकट थरासारखी पांढुरकी झाक येते. या प्रतीवर ती खालच्या डाव्या कोपऱ्यात, कोटाच्या काळ्यावर आहे, म्हणजे दिसायला नको तिथेच. शिवाय चवथीच्या सुमारासही पृष्ठभाग बोटाला चिकटत होता आणि त्यात कापसाचे तंतू अडकले होते.

अशी प्रत हाती आली तर घाबरून व्हार्निश काढायला जाऊ नका. रंग कोवळा असताना द्रावण लावलं की व्हार्निशबरोबर चेहराही येतो. चित्र हवेशीर, कोरड्या खोलीत ठेवा. एसी किंवा डीह्युमिडिफायरने ओलावा ५० ते ६० टक्क्यांवर आणता आला तर उत्तम. उन्हात मात्र नको. पूर्ण अंधारातही नको, कारण काळोखात जवसाचं तेल पिवळं पडतं. चिकटपणा गेल्यावर ती पांढुरकी झाक मऊ कोरड्या कापडाने हलकेच पुसून पाहावी. गेली तर ती वरवरची. पुसूनही परत येत राहिली तर चित्रं दुरुस्त करणाऱ्या जाणकाराचं काम.

आता चित्र उलटं करा. पुढच्या बाजूला नऊ आठवडे दिले आणि मागच्या बाजूला नऊ मिनिटंही नाहीत.

कापड ताणलंय ते साध्या, कोपरे फेविकॉलने जोडून खिळे मारलेल्या लाकडी चौकटीवर. चारही कोपरे कायमचे बंद, पाचर घालायला जागा नाही. पाचरी कशाला? पावसात कापड सैल पडतं आणि झोळ येतो, डिसेंबरात पुन्हा ताणतं. खरा स्ट्रेचर, म्हणजे कापड ताणायची चौकट, कोपऱ्यात खाचेत बसवलेला असतो. आत दोन-दोन अशा आठ पाचरी असतात आणि त्या हलक्या हाताने ठोकल्या की चौकट केसभर उघडून कापड पुन्हा ताठ होतं. इथे तो मार्गच नाही. ९३ सेंमीच्या उंचीला मधली आडवी पट्टी हवी, तीही नाही. आतली कड उतरती तासलेली नाही, त्यामुळे कापड लाकडाला टेकतं. काही वर्षांनी पुढच्या बाजूला चौकटीची रेघ उमटेल. लाकूड पॅकिंगच्या खोक्याचं वाटतं. कोपऱ्यात बारीक पिवळा भुसा दिसला तर समजायचं की कीड आधीच आत आहे. आंब्याचं लाकूडही याच कारणासाठी नको. सागवान महाग, पण ९३ × ७६ च्या स्ट्रेचरला लागतं किती? फणसाचं पिकलेलं लाकूडही चालेल.

स्टेपल लोखंडी. समुद्राच्या हवेत त्यांना एका पावसात गंज चढतो आणि गंजाने कापड जळतं, म्हणजे तिथे ते कुजून भोकं पडतात. स्टेनलेस स्टीलचे स्टेपल कुठेही मिळतात. बदलताना सगळे एकदम काढायचे नाहीत, एक काढायचा नि एक मारायचा, मध्यापासून कोपऱ्याकडे. आणि शेवटचा कळस म्हणजे पाठीमागे खाकी कागद, तोही खळीने चिकटवलेला. खळ म्हणजे कसरीला आणि बुरशीला पंगत. कागद काढून टाका, खळ ओल्या न केलेल्या ब्रशने खरवडून घ्या आणि त्याजागी जाहिरातींच्या फलकांना वापरतात ती पोकळ प्लॅस्टिकची शीट स्क्रूने लावा. खाली-वर दोन-दोन भोकं पाडून त्यांवर मच्छरदाणीची जाळी. हवा खेळली पाहिजे, पाल आणि झुरळ शिरता कामा नये. निवडणुकीनंतर असल्या शीटना गोव्यात तोटा नसतो.

थर, दुरुस्त्या आणि दमट हवा यांचं एकत्र काय होतं ते पाहायचं असेल तर जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात पोर्तुगीज गव्हर्नर-व्हाइसरॉयांची चित्रमालिका पाहा. १५४७ मध्ये गव्हर्नर जुआंव द काश्त्रूने ती सुरू करवली. लाकडी फळ्यांवरची ही चित्रं शतकानुशतकं वरचेवर पुन्हा रंगवली गेली; काहींत मूळ माणूस किती उरला हा प्रश्नच आहे. उलट, तैलरंगातली त्वचा कशी दिसावी हे डोळ्यांत भरून घ्यायचं तर पणजीत फोंताईन्यासला फुंदासांव ओरियेंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेत चित्रकार त्रिंदाद पाहावा: आंतोनियु शाव्हियर त्रिंदाद, १८७० ते १९३५, गोव्यात जन्मलेला आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलशी जोडलेला. प्रत ताब्यात घ्यायच्या आधी अर्धा तास तिथे घालवला की कपाळावरचा खडू लगेच ओळखू येतो.

चौकटीचे ९,००० वाया गेलेत. सोनेरी फायबरची पट्टी, कोपरे नीट न जुळलेले, आतली खाच चित्राला घट्ट बसणारी. चित्र फुगतं-आकसतं, म्हणून खाचेत चहूकडून ३ ते ५ मिमी मोकळी जागा लागते. नाहीतर पावसात कडांचा रंग उडतो. मूळ चित्राची चौकट, जी ॲंग्रने स्वतःच योजली असं मानतात, ती द्राक्षवेलीच्या नागमोडी कोरीव कामाची आहे आणि वेलीत प्राणी लपलेले आहेत. गोव्यात तर वेलबुट्टी कोरणाऱ्या हातांची परंपरा चर्चच्या वेद्यांमधून समोर उभी आहे. असा कोरीव काम करणारा मेस्त मिळाला तर चौकट त्याच्याकडूनच करून घ्यावी. कार्यशाळेकडून फक्त चित्र. सोनेरी वर्ख लावायचा ठरला तर विचारून घ्या, सोन्याचा की पितळी. पितळी वर्ख वरून शेलॅक न लावता ठेवला तर खाऱ्या हवेत हिरवट-काळा पडतो.

सहीबद्दल. मूळ चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ॲंग्रने आपलं नाव आणि १८३२ हे साल घातलंय. प्रतीतही ते जसंच्या तसं उतरवलंय. ॲंग्र १८६७ साली वारला, हक्कांचा प्रश्न उरत नाही. पण मागे स्ट्रेचरवर ‘प्रत’ हा शब्द, चित्रकाराचं नाव आणि साल हवंच. तेही नव्हतं.

ऑर्डर द्यायची असेल तर चवथ संपली, पाऊस ओसरला की. ऑक्टोबरअखेर रेखाटन, नोव्हेंबरात करडा थर, डिसेंबर-जानेवारीत रंग. फेब्रुवारीत चित्र घरी आणा, पण व्हार्निशशिवाय. फार तर रिटच व्हार्निशचा, म्हणजे तात्पुरत्या व्हार्निशचा, एक पातळ हात. शेवटचं व्हार्निश पुढच्या दिवाळीनंतर, कोरड्या दिवशी, आणि डॅमर नको, पिवळं न पडणारं सिंथेटिक. एक-चतुर्थांश पैसे त्या शेवटच्या हातासाठी राखून ठेवायला कार्यशाळा तयार झाली, फक्त आधी विचारावं लागतं.

टांगताना पश्चिमेची बाहेरची भिंत टाळा. चिऱ्याची भिंत पावसाचं पाणी पिते आणि आतून सोडत राहते. आतली भिंत निवडा, खालच्या दोन कोपऱ्यांना दीड सेंमी जाडीचे बुचाचे तुकडे चिकटवा, आणि जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी चित्र उतरवून मागे टॉर्च मारून पाहा.